ऑलिव्हजवळची जागा

ॲशलो, श्रॉपशर
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय रेज,

तुझं नाताळचं कार्ड येऊन सहा आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, याबद्दल माफ कर. कार्ड आल्यापासून शेकोटीवरच्या फळीवर आहे आणि रोज सकाळी ते माझ्याकडे बघतं. आधी कमरेचं निमित्त झालं, मग शाई गोठली, मग खरं सांगायचं तर काय लिहावं तेच ठरेना. तू जन्मभर स्टेशनात तिकिटं दिलीस, कागदाशी तुझी सोयरीक. मी बाराव्या वर्षी शाळा सोडून रुळांवर आलो. माझ्या हाताला पहारीची सवय, लेखणीची नाही.

इकडे सगळं तसंच आहे. थंडीनं परसातला नळ फुटला. शेजारच्या मिसेस टज तुझी आठवण काढतात. माझी प्रकृती बरी आहे, म्हणजे तक्रार करावी अशी नाही, आणि तक्रार करून ऐकणार कोण.

बातमी एकच. तू गाव सोडल्यानंतर आलेले नवे पाद्री मिस्टर लॅम्बर्न गेल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पायरीवर थांबले आणि म्हणाले की एक गोष्ट सांगणं त्यांना फार जड जातंय. ते इतका वेळ जड जात राहिलं की मागच्या बाकांवर वाटलं, कुणीतरी गेलंच. शेवटी कळलं ते असं की चर्चचं आवार भरलं. २५ मार्चपासून तिथे नवी कबर खणायची नाही. ज्यांच्या घरच्या कबरीत जागा राखलेली आहे त्यांनाच तिथे जाता येईल. बाकीच्यांना मार्लब्रुकला, गुरांच्या बाजारामागे कौन्सिलनं घेतलेल्या मैदानात. फाटकाशी सगळे हिमाबद्दल बोलत उभे राहिले. मिसेस टज तेवढ्या म्हणाल्या, बोलू नये, पण तिथे पाणी साठतं.

तर रेज, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते आता येतं. ऑलिव्हनं मला एकदा पत्रं कशी लिहावीत याचं एक लाल पुस्तक आणून दिलं होतं. त्यात 'नाजूक विषय काढताना' असं एक पान आहे. त्यातलं उतरवतो. 'आपणांस या बाबतीत तसदी देणे मला अत्यंत जड जात आहे, परंतु.' 'हा विषय मी काढावा हे उचित नव्हे, तथापि.' 'आपला गैरसमज होणार नसेल तर.' वाक्यं चांगली आहेत. पण 'परंतु'च्या पुढे पुस्तकात नुसती टिंबं आहेत. तिथे ज्याचं त्यानं लिहायचं, आणि तिथेच माझी लेखणी थांबते.

एवढंच लिहितो की ती गोष्ट ऑलिव्हसंबंधी आहे आणि तुझ्या परवानगीशिवाय मला काही करता येत नाही. तुला वाचून त्रास होत असेल तर मी विषय काढलाच नाही असं समज. तुझ्या घरच्यांना नमस्कार.

तुझा मेहुणा,
एनॉक बेडोज


(त्याच दिवशी लिहिलेला दुसरा कागद. पाठवला नाही.)

रेज,

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून यात सरळ लिहितो.

मला ऑलिव्हजवळची जागा हवी आहे.

तिची कबर खणणाऱ्या पर्सीनं ती सात फूट खणली, दोघांसाठी. ती खाली आहे, वरची जागा तुझी. दगडावर तिचं नाव वरच्या अर्ध्यात आहे आणि खालचा अर्धा तुझ्या नावासाठी कोरा ठेवलाय, सगळ्या नवरा-बायकोंच्या दगडांचा असतो तसा. पण ती गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि गाव सोडल्यापासून तू दोनदाच आलास. तुला दुसरं घर झालं, दुसरी बायको झाली. तिकडे समुद्राकाठी मोरकॅमला तुम्हा दोघांनी काही ठरवलं असेलच असं मी धरून चालतो. मग इथली जागा तुझ्या काय कामाची, असं मनात येतं. पण जिवंत माणसाला, बाबा रे, तुझी कबर तुला लागणार आहे का, असं विचारायचं कसं? मला कुणाची छत्री मागायची हिंमत होत नाही.

आई गेली तेव्हा मी सहाचा होतो आणि ऑलिव्ह नऊची. माझ्या बुटांच्या नाड्या तिनं बांधल्या, माझं डोकं तिनं विंचरलं. तुमचं लग्न झालं तेव्हा मी बाहेर खोली बघत होतो, तर तीच म्हणाली, कुठे जातोस, वरची खोली रिकामी आहे. बावीस वर्षं मी तुमच्या टेबलाशी तिसरा बसलो. ती मला हसायची. म्हणायची, "एनॉक, तू दारात पाय पुसत इतका वेळ उभा राहतोस की आतलं जेवण आटोपतं."

मार्लब्रुकला माझ्या उजवीकडे कोण असेल, डावीकडे कोण असेल? अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसायचं म्हटलं तर मी उभाच राहतो, आणि हे तर कायमचं. वय चौऱ्याहत्तर आहे. भीती मरणाची नाही, त्या मैदानाची आहे.

इतकंच होतं. चार ओळींचं काम. पण हे तुझ्या हातात पडल्यावर तुझा चेहरा कसा होईल ते मला इथे बसून दिसतं.


मोरकॅम
२४ फेब्रुवारी

प्रिय एनॉक,

पत्र पोचलं. उशिराची माफी कसली मागतोस, मीही दोन आठवडे लावलेच. तुझ्या पत्राची शेवटची बाजू बघून हेटी म्हणाली, हे कुण्या वकिलाकडून आलंय का. मी तिला त्या लाल पुस्तकाबद्दल सांगितलं. ते अजून तुझ्यापाशी आहे हे वाचून बरं वाटलं.

तुला जे काढवत नाही ते काढू नकोस, एनॉक. मी विचारणार नाही. ऑलिव्हसंबंधी आहे एवढं मला पुरे. तिचं कपाट असेल, बाजाची पेटी असेल, आणखी काही असेल. शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ तू होतास. मी स्टेशनात जादा पाळ्या मागून घेत होतो, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा तिच्या बाबतीत तुला नको म्हणायचा हक्क मला आहे असं मी मानत नाही. तुला योग्य वाटेल ते कर. माझी परवानगी आहे असं धरून चाल, पुन्हा विचारायची गरज नाही. कुणी लेखी मागितलं तर हे पत्र दाखव.

इकडे माझी छाती थोडी कुरकुरते. विशेष काही नाही. डॉक्टरला उगाच त्रास देऊ नये असं माझं मत, पण हेटीनं त्याला बोलावलंच. त्यानं समुद्रावर फिरायला बंदी केली आहे, त्यामुळे खिडकीतून समुद्र बघतो. बहुतेक वेळा तो ओहोटीला लागलेला असतो.

मीही तुला एक सांगायचं म्हणत होतो. पण ते राहू दे, त्याची घाई नाही.

तुझा,
रेज


ॲशलो
८ मार्च

प्रिय रेज,

तुझे उपकार कसे मानू ते त्या पुस्तकातही सापडलं नाही. तुझं पत्र वाचून मी बराच वेळ जिन्यावर बसून राहिलो. तू न सांगता ओळखलंस आणि एका शब्दानं मला ओशाळवाणं केलं नाहीस. आता काम झालं आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

मंगळवारी कोट घालून मिस्टर लॅम्बर्नकडे गेलो आणि तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "यात कशाबद्दल ते लिहिलेलं दिसत नाही, मिस्टर बेडोज." मी म्हणालो, "ते लिहिण्यातलं नाही, साहेब." ते पत्राची घडी घालत म्हणाले, नाही, नाही, बरोबर आहे. तेवढ्यात चहा आला, आणि चहा आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारणं त्यांना बरं दिसलं नसावं.

मग त्यांनी आवाराचा नकाशा टेबलावर पसरला. एकेक कबर म्हणजे एकेक चौकोन. एक्केचाळीस नंबरच्या चौकोनात शाईनं 'ऑलिव्ह प्रीस' आहे आणि तिच्या वर पेन्सिलीनं तुझं नाव होतं. ते त्यांनी खोडरबरानं पुसलं आणि तिथे 'ई. बेडोज' लिहिलं. रबराचा चुरा त्यांनी फुंकरीनं उडवला. रेज, एवढंसं काम होतं, आणि मी त्यासाठी एक महिना झोप घालवली.

येताना तिच्या दगडाशी थांबलो. शेवाळ काढलं. आता मार्लब्रुकचं नाव निघालं तरी मी फाटकाशी थांबून ऐकतो. मिसेस टज म्हणाल्या, काय एनॉक, घबाड सापडलं का. मी म्हणालो, तसंच समजा.

तुझी छाती आता कशी आहे? तुला काही सांगायचं होतं ते अवश्य लिही.

तुझा ऋणी मेहुणा,
एनॉक


ॲशलो
६ एप्रिल, ईस्टरचा रविवार

प्रिय रेज,

टोचणी लावतोय असं समजू नकोस. पण माझं मार्चचं पत्र तुला पोचलं ना? महिना होत आला. टपालात काही हरवलं असेल म्हणून विचारतो, एरवी विचारलं नसतं. की माझ्या पत्रात काही जास्त लिहिलं गेलं? मी ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचतो. जिन्यावर बसल्याचं लिहायला नको होतं असं वाटतं.

दोन ओळी आल्या तरी पुरे.

एनॉक


मोरकॅम
१५ एप्रिल

प्रिय एनॉक,

पत्र पोचलं होतं. झालं ते चांगलं झालं. तू आनंदात आहेस हे वाचून बरं वाटलं. तो विषय आता पुरे, त्यावर आणखी लिहू नकोस. छातीचं तसंच आहे. अक्षर वाकडं येतंय, माफ कर.

रेज


मोरकॅम
२ मे

मिस्टर बेडोज,

आपली कधी गाठ पडली नाही. मी रेजची बायको हेटी. मी ओल्डमची. आमच्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवत नाहीत, म्हणून जे आहे ते सांगते. तुम्ही आधी खाली बसा.

रेज जाणार आहे. छातीत जे आहे ते कुरकुरणं नाही. डॉक्टर म्हणतात, हा महिना निघाला तर नशीब. शुद्धीवर आहे, ऐकू सगळं येतं, पण दोन वाक्यं बोलला की धाप लागते.

तुमचं मार्चचं पत्र त्यानं तीनदा वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाला, एनॉकचं ठीक चाललंय. गेल्या मंगळवारी सदरा धुवायला काढला तेव्हा ते मला सापडलं आणि मी वाचलं. मग त्याच्यापुढे धरून विचारलं, ही जागा तू दिलीस?

म्हणाला, "मी कशाला हो म्हणतोय ते मला माहीत नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"त्याला सांगताना अवघड होत होतं."

"मग आता त्याला तसं कळव."

"आता तो इतका खूश आहे. आता कसं कळवू?"

मिस्टर बेडोज, मी तीस वर्षं पाहुण्यांना खोल्या देत आले. तुमच्यासारखी माणसं मी ओळखते. रात्रभर अंगावर छत गळत असतं आणि निघताना सांगतात, मुक्काम फार छान झाला.

आता खरं काय ते ऐका. आम्ही लग्न केलं तेव्हा दोघंही साठीच्या पुढचे. माझा पहिला नवरा ओल्डमला आहे आणि त्याच्या दगडावर खाली माझ्यासाठी कोरी जागा आहे. रेजची ऑलिव्हजवळ होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवलं की जिवंत आहोत तोवर एकमेकांचे, पुढे ज्याची जागा त्याला. यात मला वाईट वाटत नाही. उलट आमचं जमलं ते त्यामुळेच, कुणालाच कुणाला विसरावं लागलं नाही. रेजनं हे तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण त्याला वाटलं, तुम्हाला ते माहीतच असणार. यंदा लिहिणार होता. मग म्हणाला, एनॉक आधीच काळजीत दिसतोय, त्यात आपल्या मरणाचा विषय कशाला.

आणखी एक, आणि मग संपलं. परवा दुपारी तो मला एक गोष्ट बोलला. ऑलिव्हच्या दुखण्यात तिनं त्याला एकदाच विचारलं होतं, "रेज, विचारू नये, पण माझं हे वाईट आहे का?" आणि हा म्हणाला, "चहा पी, गार होतोय." तिनं पुन्हा विचारलं नाही, यानं सांगितलं नाही, आणि ती गेली. तिला आपण फसवून पाठवलं असं त्याला नऊ वर्षं वाटतंय. म्हणून जादा पाळ्या, म्हणून ते घर सोडणं, म्हणून इतक्या वर्षांत दोनच खेपा. तिच्याजवळ जाऊन पडलो म्हणजे निदान पळून तरी गेलो नाही असं होईल, असं काहीतरी त्याच्या मनात आहे. मला ते नीट समजलं असं म्हणत नाही.

मी जागा परत मागत नाही. तो मागायचा हक्क रेजचा, आणि तो मागणार नाही. काय आहे ते मी तुम्हाला सांगितलं. काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्याला हे पत्र माहीत नाही.

मला हेटी म्हणा. मिसेस प्रीस तुमची बहीण होती.

हेटी


ॲशलो
५ मे

प्रिय रेज,

हे हेटी तुला मोठ्यानं वाचून दाखवतील. हेटी, एक ओळही गाळू नका, आणि त्याला धाप लागली तर थांबून पुढे वाचा.

रेज, ऑलिव्हजवळची जागा तुझी आहे. आज सकाळी मी मिस्टर लॅम्बर्नकडे गेलो. ते चहा सांगायला उठले, मी म्हणालो, "साहेब, चहा नंतर. आधी नकाशा काढा." त्यांनी काढला. माझं नाव पुसलं, तुझं लिहिलं, आणि मी तिथे उभा राहून ते शाईनं लिहून घेतलं. मी तुला ती देतोय असं मानू नकोस. ती माझी नव्हतीच. तू मला विचारलं नाहीस आणि मी तुला सांगितलं नाही, म्हणून ती दोन महिने माझ्या नावावर होती. पर्सीलाही मी सांगून आलो आहे.

हे मला शनिवारी हेटीचं पत्र वाचल्या वाचल्या जमलं असं म्हणू नये. शनिवार आणि रविवार मी तुझ्यावर चिडून होतो. एक ओळ लिहायला तुझं काय जात होतं, असं म्हणत घरभर फिरलो. मग लक्षात आलं की ती ओळ आधी मी लिहायची होती.

आता दुसरी गोष्ट. ही मी नऊ वर्षं दाबून ठेवली आहे.

ऑलिव्हला माहीत होतं.

त्या ऑगस्टात आम्ही परसात घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. तू दुपारच्या पाळीला गेला होतास. तिनं मान वर न करता मला सांगितलं. तिचे शब्द मी एकही न बदलता लिहितो. "एनॉक, हे दुखणं मला नेणार. डॉक्टरच्या तोंडावर मी ते वाचलं. पण मला कळलंय हे रेजला सांगू नकोस. मी त्याला विचारलं तेव्हा तो चहा गार होतोय म्हणाला, आणि कप माझ्या हातात देताना बशी वाजत होती. तो मला सांभाळतोय असं त्याला वाटतंय. तेवढं त्याच्यापाशी राहू दे." आणि मग म्हणाली, या शेंगा जून झाल्यात, उद्याच करायला हव्यात.

तू तिला फसवलं नाहीस, रेज. तुझं उत्तर तिला त्याच दिवशी पोचलं होतं. पुढे तीन महिने ती तुझ्यापुढे कपाळाला आठी न घालता बसायची, ते तिला कळलं नव्हतं म्हणून नव्हे. तुझ्यासाठी.

मी तिला शब्द दिला होता, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ती गेल्यावर तो शब्द कुणासाठी पाळत होतो? खरं कारण चांगलं नाही. तू चौदा महिन्यांत घर सोडलंस आणि मी त्या तीन खुर्च्यांत एकटा राहिलो. तिनं ते मला सांगितलं, तुला नाही, एवढी एकच गोष्ट माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त होती. ती मी तुला द्यायला तयार नव्हतो. तुला तिकडे काय लागून राहिलंय याची मला कल्पना नव्हती, पण मी कधी विचारलंही नाही. याची माफी मागतो.

आता तिसरी आणि शेवटची. ही मी मागतोय, आणि सरळ मागतोय.

मिस्टर लॅम्बर्न म्हणाले की अलीकडे काही लोक आपला देह शहरात नेऊन जाळून घेतात. मग राखेची पेटी उरते आणि तिला वीतभर जागा पुरते. दगडाच्या पायथ्याशी ती ठेवता येते, पण ज्यांची कबर त्यांची संमती हवी. मला आगीची किती भीती आहे ते तुला ठाऊक आहे. पन्नास वर्षं रेल्वेत काढली, पण इंजिनाच्या भट्टीसमोर कधी उभा राहिलो नाही. मिसेस टजना विचारलं, तर म्हणाल्या, "एनॉक, तुला जन्मभर थंडीच वाजत आलीय. एकदा तरी ऊब लागेल." मी तयार आहे.

तर तुम्हा दोघांच्या पायाशी माझी पेटी ठेवलेली तुला चालेल का?

नीट विचार कर. बावीस वर्षं तुमच्या घरात तुम्ही दोघंच असे कधी जेवला नाहीत. तू कधी एका शब्दानं बोलला नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. आता तरी तिच्याजवळ तुला एकट्याला असावंसं वाटत असेल, तर ते बरोबर आहे. तसं सांग. मी मार्लब्रुकला जाईन आणि मनात काही ठेवणार नाही.

फक्त 'तुला योग्य वाटेल ते कर' असं उत्तर देऊ नकोस. ते मला या खेपेला चालणार नाही. हो म्हण किंवा नाही म्हण. बोलवत नसेल तर हेटीचा हात दाब. एकदा दाबलास तर हो, दोनदा दाबलास तर नाही.

हेटी, दोनदा दाबला तर दोनदाच लिहा. माझं मन राखायला त्यातलं एक कमी करू नका. आणि हे पत्र पोचेपर्यंत त्याच्या हातात दाबण्याइतकं बळ उरलं नसेल, तर तेही तसंच लिहा, पण शेंगांपर्यंतचं त्याला वाचून दाखवा, तो ऐकतोय असं वाटो की न वाटो. आमच्याकडे टपाल सकाळी आठला येतं. मी फाटकाशी उभा असतो. लवकर कळवा.

तुमचा,
एनॉक